गावातला बंद पडलेला रंगाचा कारखाना विकला गेलाय. ग्रामसभेत आधी काय विचारायचं?

पऱ्याकाठ | ६ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. खूप दिवसांनी लिहितेय, आणि मदत हवी म्हणून लिहितेय.

आमचं गाव उत्तर रत्नागिरीत, खाडीकाठी. वर सडा म्हणजे जांभ्याचं पठार, मधे वाडी, खाली खाडी. सड्यावर रंगाची पावडर बनवणारा कारखाना होता. पिवळा, केशरी, शेंदरी असे रंग. २००८ साली त्याला टाळं लागलं. मालक गेले, बँकेने जप्ती केली. मध्ये एक वॉचमन होता, तोही गेला. आता लिलावात मुंबईच्या एका पार्टीने जागा घेतली आहे. अर्ध्या जागेत रिसॉर्ट आणि अर्ध्यात मासळीचं कोल्ड स्टोरेज करायचं म्हणतात. ग्रामपंचायतीकडे ना-हरकत मागितली आहे आणि २४ तारखेला ग्रामसभा आहे.

माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. पण दरवर्षी पहिला पाऊस पडला की कारखान्याच्या मागच्या भिंतीच्या बुंध्याशी पिवळा ओघळ येतो. हळद कालवलेल्या पाण्यासारखा. तो गटारातून पऱ्याला, म्हणजे ओढ्याला मिळतो, पऱ्या आमच्या वाडीच्या दोन विहिरींच्या बाजूने जातो आणि पुढे खाडीला. लहानपणी त्यात आम्ही कागदाच्या होड्या सोडायचो.

माझे बाबा तिथे एकोणीस वर्षं मिक्सिंगला होते. त्यांच्या नाकाच्या मधल्या पडद्याला आरपार भोक आहे. एका नाकपुडीशी बॅटरी धरली की दुसरीतून उजेड दिसतो. त्यांच्या बरोबरच्या आणखी तिघांना तसंच आहे. गावात त्याला 'कंपनीचं नाक' म्हणायचे.

ग्रामसभेत उभं राहून नेमकं काय विचारू? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

सागरवेळ | ६ मे, रात्री १०.१५

ताई, तुमच्या बाबांबद्दल वाईट वाटलं. पण मनापासून सांगतो, आमच्या पोरांचा विचार करा. अठरा वर्षं ती जागा ओसाड आहे. साप, दारूच्या बाटल्या, चोऱ्या. माझ्या वर्गातले तेहतीस जण मुंबई-पुण्याला गेले, गावात चौघे उरलो. प्रत्येक वेळी काहीतरी यायचं म्हटलं की कोकणात आधी हरकत. कोल्ड स्टोरेज झालं तर निदान मासळीला भाव मिळेल.

हिराकस | ६ मे, रात्री ११.०२

पिवळा ओघळ वाचून बसल्या जागेवरून उठलो. मी छत्तीस वर्षं रसायनांच्या कारखान्यात काढली, शेवटची दहा सांडपाणी विभागात. जरा सविस्तर लिहितो.

पिवळा-केशरी रंग म्हणजे बहुतेक लेड क्रोमेट. शिशाचं मीठ आणि सोडियम बायक्रोमेट यांच्यापासून तो बनवतात. म्हणजे तिथे दोन वेगळी विषं आहेत आणि दोन्ही वेगळी वागतात.

शिसं जागचं फारसं हलत नाही. वरच्या वीतभर मातीत, धुळीत, तुळयांवर, पत्र्यांवर बसून राहतं. मोठ्या माणसापेक्षा रांगणाऱ्या पोराला त्याचा धोका जास्त, कारण पोर माती हाताने तोंडात घालतं. मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, आणि अमुक इतकं शिसं चालेल अशी सुरक्षित पातळी नाही.

क्रोमियमचं उलट आहे. बायक्रोमेटमधलं क्रोमियम सहा संयुजेचं असतं. ते पाण्यात सहज विरघळतं आणि पाण्याबरोबर चालू लागतं. फुप्फुसाच्या कॅन्सरला कारण ठरतं हे सिद्ध झालेलं आहे. नाकाचा पडदा फाटणं ही बायक्रोमेटच्या कामगारांची जुनी ओळखीची खूण. हाताला न भरणारे खोल व्रणही पडतात. ताई, बाबांच्या हातावर बघा.

आता आपली जमीन. जांभा दिसायला दगड, पण आतून पोळ्यासारखा. सड्यावर पडलेलं पाणी भेगांतून उतरतं आणि खाली वाडीत झऱ्याला लागतं. म्हणून तर आपल्या विहिरी सड्याच्या पायथ्याला असतात. वर जे सांडलं ते खाली येणारच, फक्त वेळ लागतो. भिंतीशी पिवळं दिसतंय याचा अर्थ अठरा पावसाळ्यांनंतरही साठा संपलेला नाही.

त्यामुळे पहिला प्रश्न 'काय बांधणार' हा नकोच. पहिला प्रश्न: 'जमिनीत काय आहे, किती खोल आहे, कुठवर गेलंय?' काय बांधता येईल ते त्यानंतर ठरतं. पक्क्या काँक्रीटखाली झाकलेल्या मातीवर कोल्ड स्टोरेज चालू शकेल. त्याच मातीवर हिरवळ करून पोरांचे झोपाळे लावणं ही वेगळी गोष्ट आहे.

मुळेवाली | ७ मे, सकाळी ६.५०

पिंपांचं विचारा. कारखाना बंद झाला तेव्हा पिंपं कुठे गेली?

पऱ्याकाठ | ७ मे, सकाळी ८.०५

@मुळेवाली, अंगावर काटा आला. निळी पिंपं अर्ध्या गावात आहेत. आमच्याकडेही एक होतं, आई त्यात पावसाळ्याचे तांदूळ भरायची. शेजारी अजून पाणी साठवतात.

मुळेवाली | ७ मे, सकाळी ९.३०

म्हणूनच विचारलं. आमच्या गावात असाच एक बंद कारखाना होता, तिथली पिंपं भंगारवाल्याने शंभर-दीडशेला विकली. धुऊन वास जातो, पण प्लास्टिकने शोषलेलं जात नाही. आधी घरोघरची पिंपं बाहेर काढा. त्याला ना ग्रामसभा लागत ना कुणाची परवानगी. पण फेकू नका आणि जाळूही नका. एका जागी, छपराखाली गोळा करून ठेवा.

आणि खाडीचं कुणीच बोललं नाही. मी लहानपणापासून ओहोटीला मुळे, तिसऱ्या असे शिंपले काढायला जाते. हे जीव गाळात राहतात आणि पाणी गाळून खातात. गाळात जे असेल ते त्यांच्या अंगात साठतं. मासा पोहून लांब जातो, मुळे तिथेच राहतात. तुमच्या पऱ्याच्या तोंडाशी बायका बसत असतील तर पाण्याबरोबर गाळ आणि मुळेही तपासायला द्या. विहिरीचा अहवाल चांगला आला म्हणून खाडी चांगली असं नसतं.

कायदाकोकण | ७ मे, दुपारी १.२०

लिलावाची जाहिरात आणि विक्रीची कागदपत्रं मिळवा. बँका अशी मालमत्ता 'जशी आहे, जिथे आहे' या अटीवर विकतात. म्हणजे जमिनीत काय पुरलंय याची हमी बँक देत नाही. घेणाऱ्याने ते पाहिलं होतं का, हा प्रश्न ग्रामसभेत विचारायलाच हवा. कदाचित त्यालाही माहीत नसेल आणि तुम्ही त्याच्यावर उपकारच कराल.

प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे माहिती अधिकारात तीन गोष्टी मागा: कारखान्याची जुनी संमतिपत्रं, घातक कचऱ्याची वार्षिक विवरणपत्रं आणि बंद करतानाचे पाहणी अहवाल. वर्षाला किती टन गाळ निघत होता आणि त्यातला किती अधिकृत जागी गेला हे त्यातून समजतं. आपल्या पट्ट्यातला असा कचरा तळोजाच्या केंद्रात जातो. निघालेला आणि पोचलेला यांची वजाबाकी केली की उरलेला कुठेतरी जवळच आहे, हे कागदच सांगतात.

दुसरं, जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित स्थळांसाठी स्वतंत्र नियम काढले. जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागा कळवायच्या, राज्याच्या मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, दूषित वाटली तर पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर. साफसफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून वसूल करायचा. तुमच्या ग्रामसभेचा ठराव जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला तर जागा त्या यादीत येण्याचा रस्ता उघडतो. ना-हरकत नाकारण्यापेक्षा हा ठराव जास्त कामाचा.

सागरवेळ | ७ मे, दुपारी २.००

९० दिवस, मग तीन महिने, मग कोर्ट. पार्टी थांबणार आहे का तोवर? ती जाईल गुजरातला आणि आम्ही बसू पिवळं पाणी बघत.

हिराकस | ७ मे, दुपारी ३.४५

@सागरवेळ, तुमचा राग खोटा नाही आणि उशिराची भीतीही खरी आहे. भोपाळला १९८४ साली वायुगळती झाली. त्या कारखान्यातला ३३७ टन कचरा पिथमपूरला हलवायला जानेवारी २०२५ उजाडला. चाळीस वर्षं! आणि तो फक्त गोदामात भरून ठेवलेला कचरा होता, जमिनीत मुरलेलं वेगळंच. कोडाईकनालचा थर्मामीटरचा कारखाना २००१ मध्ये बंद झाला, तिथे माती किलोमागे २० मिलिग्रॅम पाऱ्यापर्यंत साफ करायची की त्याहून कमी, यावरच वर्षानुवर्षं भांडण चाललं. तमिळनाडूतल्या राणीपेटला तर क्रोमियमच्या कचऱ्याचा डोंगर कारखाना बंद होऊन दशकं झाली तरी तिथेच होता.

पण म्हणून तपासणी टाळावी असं यातून ठरत नाही. तुमच्याकडे जागा घेणारा माणूस समोर उभा आहे, त्याच्याकडे पैसे आहेत आणि त्याला परवानगी हवी आहे. हीच वेळ. पाया खोदून झाल्यावर कुणी विचारणार नाही.

बावकाठ | ७ मे, सायं. ७.१०

गे बाय, आधी बावीचा पाणी तपास. मगे बाकीचा बघ.

पन्हळ | ७ मे, रात्री ८.३०

छपराकडे लक्ष द्या. त्या काळच्या शेडला सिमेंटचे पत्रे असणार, म्हणजे ॲस्बेस्टॉस. पत्रा अखंड आहे तोवर तो फारसा त्रास देत नाही. फोडला, करवतीने कापला, वरून खाली फेकला की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत जातात आणि फुप्फुसात रुततात. त्यातून होणारा कॅन्सर वीस-तीस-चाळीस वर्षांनी डोकं वर काढतो. म्हणून तर सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये सांगितलं की ॲस्बेस्टॉसच्या कामगाराची आरोग्यनोंद तो कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा काम सोडल्यावर १५ वर्षं, जे नंतर येईल तोवर ठेवायची.

मी पाडकामाचा ठेकेदार आहे. आमच्या धंद्यात पत्रे हातोडीने फोडूनच काढतात, मीही पूर्वी तेच केलं. माझा एक मुकादम आज दोन जिने चढू शकत नाही. डॉक्टरांनी कारण पत्र्यांवर ढकललेलं नाही, पण माझ्या मनातून ते जात नाही. आता मी पत्रा आधी पाण्याने भिजवतो, नट खोलून अख्खा उतरवतो, जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळतो. रुमाल बांधून काही होत नाही, तंतू रुमालातून आरपार जातात.

गावाला एक विनंती: उतरलेले पत्रे गोठ्याला, पडवीला फुकट मिळतायत म्हणून नेऊ नका.

गिरणगावचा | ७ मे, रात्री ९.५५

थोडं अवांतर. माझे आजोबा गुहागरकडचे, लालबागला गिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा ते पन्नाशीला होते, परत कधी कामावर गेले नाहीत. गावी आले आणि रोज सकाळी सातला अंगणात येऊन उभे राहायचे, कारण तेव्हा भोंगा व्हायचा. गिरण्यांच्या जागेवर टॉवर झाले. त्या जमिनीत रंगखात्याचं काय मुरलंय, असं तेव्हा कुणी विचारलेलं मला आठवत नाही. घर कुणाला आणि जमीन कुणाला, यातच सगळं संपलं.

पऱ्याकाठ | ७ मे, रात्री १०.२०

@गिरणगावचा, आमच्याकडेही भोंगा होता. आई दुपारच्या भोंग्याला भाताचं आधण ठेवायची. बंद झाल्यावर कितीतरी दिवस आमचं जेवण उशिरा होत होतं.

कटर | ८ मे, सकाळी ७.२५

भंगाराच्या धंद्यात बारा वर्षं आहे. बंद कारखान्यात माणूस मरतो तो टाकीत. टाकी रिकामी दिसते, तळाशी बोटभर गाळ असतो. पोरगा शिडी लावून उतरतो आणि पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. आमच्या ओळखीत एकाच टाकीत सख्खे भाऊ गेलेत. सडलेल्या गाळातून जो वायू येतो त्याला आधी कुजक्या अंड्याचा वास असतो, पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणून वायू गेला असं समजतात आणि उतरतात. आधी मीटरने ऑक्सिजन मोजायचा. साध्या हवेत तो २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली असेल तर कुणीही उतरायचं नाही.

दुसरं, बंद टाकीवर गॅस कटर लावायचा नाही. आत वाफ असेल तर बॉम्ब होतो.

तिसरं, टाकीच्या बाहेर लावलेला जड शिशाचा डबा आणि त्यावर तीन पाकळ्यांचं चिन्ह दिसलं तर हात लावू नका. काही कारखान्यांत टाकीतली पातळी मोजायला किरणोत्सारी स्रोत वापरतात. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठाने लिलावात काढलेल्या जुन्या यंत्रातला कोबाल्ट भंगारात आला आणि एक कामगार गेला. असं काही आढळलं तर अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवायचं.

मातीपरीक्षक | ८ मे, सकाळी ११.४०

एक गैरसमज आधीच दूर करते, कारण ग्रामसभेत हमखास कुणीतरी म्हणेल, 'आमच्याकडे मृदा आरोग्य पत्रिका आहे, माती चांगली आहे.' त्या पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश, सामू, सेंद्रिय कर्ब असे बारा घटक असतात. शिसं आणि क्रोमियम त्यात नाहीतच. जड धातूंची तपासणी वेगळी, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून करून घ्यावी लागते. पाण्यासाठी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत आधी विचारा. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आणि शिसं ०.०१ मिलिग्रॅम, ही भारतीय मानकाची मर्यादा. अहवाल आला की हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचा.

नमुना एकदाच घेऊन चालणार नाही. आत्ता मे महिन्यात विहिरी तळाला गेल्यात तेव्हा एक, मृगाचा पाऊस लागून पिवळा ओघळ सुरू झाला की दुसरा, आणि पावसाळा सरल्यावर तिसरा. कारखान्याच्या वरच्या अंगाची एक विहीरही घ्या, म्हणजे तुलना होईल. सहा संयुजेचं क्रोमियम वेगळं मोजायला सांगा.

सागरवेळ | ८ मे, दुपारी १२.३०

हे सगळं पटतंय, नाही म्हणत नाही. पण माती खराब निघाली तर काय? सगळा सडा उचलून नेणार का?

हिराकस | ८ मे, दुपारी ४.१०

सगळा सडा नाही. सहसा विष ठिकठिकाणी साचलेलं असतं: मिक्सिंगची जागा, गाळाचे खड्डे, पिंपं धुवायची मोरी, गटार. तिथली माती उचलून घातक कचरा म्हणून पाठवायची. बाकी जिथे प्रमाण कमी तिथे पावसाचं पाणी आत मुरणार नाही असं झाकायचं.

क्रोमियमसाठी जुना उपाय आहे आणि तो माझ्या नावातच आहे. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. ते सहा संयुजेच्या क्रोमियमला तीन संयुजेच्या रूपात आणतं. हे रूप पाण्यात सहज विरघळत नाही आणि कितीतरी कमी विषारी असतं. पिवळं पाणी बघता बघता हिरवट होऊन खाली बसतं. सांडपाण्यात आम्ही हे रोज करायचो. मातीत करणं अवघड आहे आणि आपल्याकडे एक पेच आहे: जांभ्यात लोहाबरोबर मँगनीजही असतं, आणि मँगनीजच्या काही रूपांमुळे क्रोमियम पुन्हा पूर्वपदावर जाऊ शकतं. म्हणून साफ केल्यावरही विहिरींवर वर्षानुवर्षं नजर ठेवावी लागते. त्या तपासणीचा खर्च कुणाचा, हे आत्ताच लिहून घ्या.

गावकऱ्यांनी स्वतः हिराकस आणून ओतू नये, ही हात जोडून विनंती.

ऱ्हाइनकाठी | ८ मे, रात्री १०.३०

जर्मनीत डुइसबुर्गला राहते. इथे १९८५ ला बंद पडलेला लोखंडाचा कारखाना आज सार्वजनिक बाग आहे. जुन्या गॅसच्या टाकीत पाणी भरून लोक पाण्याखाली बुडी मारायचं (डायव्हिंगचं) शिक्षण घेतात. सगळ्यात वाईट माती जुन्या बंकरांत कायमची बंद केली आणि ती जागा वापरातून काढली. सागरवेळदादा, अशा जागेवर काहीतरी उभं राहू शकतं, हे मी रोज खिडकीतून बघते. फक्त इथे कुठली जागा वापरायची नाही हे आधी ठरलं.

पन्हळ | ९ मे, सकाळी ८.००

एक राहिलं. रिसॉर्टला पोहण्याचा तलाव आणि पाया खोदला की शेकडो ब्रास माती निघेल. ठेकेदार ती भराव म्हणून विकतो. शाळेच्या मैदानात, रस्त्यावर, कुणाच्या घराच्या जोत्यात. खोदलेली माती नमुना तपासल्याशिवाय आवाराबाहेर जाणार नाही, ही अट घालाच.

मुळेवाली | ९ मे, सकाळी ८.२०

ताई, बाबांना विचारलंत का? बंद व्हायच्या शेवटच्या वर्षी गाळ कुठे टाकत होते? कागदात नसलेलं कामगारांना माहीत असतं.

पऱ्याकाठ | १० मे, रात्री ९.१५

विचारलं. आधी गप्प बसले. मग म्हणाले, 'आता कशाला?' मी हिराकसकाकांची पोस्ट मोठ्याने वाचून दाखवली. नाकाचं वाक्य आलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात उलटे करून माझ्यासमोर धरले. बोटांच्या सांध्यांवर चार गोल वण आहेत, पैशाएवढे. इतकी वर्षं मी ते भाजल्याचे समजत होते.

मग त्यांनी माझ्या मुलाच्या वहीवर नकाशा काढला. मिक्सिंग शेड, बॉयलर, पिंपं धुवायची मोरी. फणसाच्या पूर्वेला दोन खड्डे, पहिला २००३ चा, दुसरा बंद व्हायच्या आदल्या पावसाळ्यातला. रात्रपाळीत भरलेले. वर जांभ्याची खडी टाकून सपाट केलं. पार्टीने पाठवलेल्या आराखड्यात त्याच जागी मुलांचं खेळण्याचं मैदान आहे. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून तीनदा बघितले.

उद्या दोघा जुन्या कामगारांना घरी बोलावलंय, नकाशा पक्का करायला. ठराव असा लिहिते: ना-हरकतीचा निर्णय तपासणी होईपर्यंत राखून ठेवणे, जागा संशयित दूषित म्हणून जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे, माती-पाणी-गाळाची तपासणी घेणाऱ्याच्या खर्चाने, पत्रे आणि टाक्या जाणकार माणसांकडूनच उतरवणे, माती आवाराबाहेर न नेणे, आणि जुन्या कामगारांची आरोग्यतपासणी. काही सुटलं असेल तर सांगा.

सागरवेळ | १० मे, रात्री ९.५०

ताई, ठरावाला सूचक म्हणून माझं नाव घाला. आणि पुढे एक ओळ वाढवा: साफसफाईच्या कामात गावातल्या मुलांना आधी शिक्षण आणि साधनं देऊन घ्यावं. काम ते काम. आमच्या वाडीतली पिंपं मी उद्यापासून गोळा करतो.

कायदाकोकण | १० मे, रात्री १०.०५

'राखून ठेवणे' याच्यापुढे मुदत लिहा, नाहीतर दोन्ही बाजूंनी लोंबकळत राहील. बाबांचा नकाशा ठरावाला जोडा, तिघांच्या सह्यांसह. मूळ प्रत घरी ठेवा.

मातीपरीक्षक | १० मे, रात्री १०.४०

शनिवारी मी चिपळूणला आहे, नमुन्याच्या बाटल्या घेऊन येते. विहिरींचं सकाळी करू, पऱ्याच्या तोंडाचा गाळ ओहोटीला. मुळेवालीताई, जमलं तर तुम्हीही या, मुळे कुठे असतात ते तुम्हाला चटकन कळेल.

मुळेवाली | ११ मे, सकाळी ६.४०

येते. फणसाकडे जाणार असाल तर गमबूट घाला, आणि येताना ते पडवीत आणू नका, बाहेरच काढा.